जुने कर्लिंग साहित्य: घेण्याआधी तळ पाहावा, देण्याआधी तळ दाखवावा

प्रेषक: मंडळाची एक सभासद

सस्नेह नमस्कार मंडळी,

गेल्या आठवड्यात मी माझ्या मुलासाठी कर्लिंगचे, म्हणजे बर्फावरून जड दगड सरकवण्याच्या खेळाचे, वापरलेले बूट घेतले. विक्रेता आपल्या मंडळातला नव्हता. छायाचित्रांत बूट वरून आणि दोन्ही बाजूंनी दाखवले होते, माप बरोबर होते, नाड्या कोऱ्या होत्या आणि चामड्यावर एक सुरकुतीही दिसत नव्हती. घरी आल्यावर मुलाने ते पायात घातले, एकदा उभा राहिला आणि म्हणाला, “आई, स्लायडर चुकीच्या पायाला आहे.” मुलगा डावखुरा आहे. उजव्या हाताने दगड सोडणारा खेळाडू उजवा पाय हॅकमध्ये, म्हणजे बर्फात बसवलेल्या पाय टेकायच्या आधारात, रोवतो आणि डाव्या पायावर सरकत पुढे जातो, म्हणून त्याच्या बुटांच्या जोडीत गुळगुळीत स्लायडर डाव्या तळाला आणि रबरी ग्रिपर उजव्या तळाला असतो. डावखुऱ्याचे सगळे याच्या उलट. विक्रेत्याने फसवले असे मी म्हणणार नाही, कारण त्याने विचारले नाही आणि मीही सांगितले नाही. पण बूट आता आमच्या उपयोगाचे नाहीत.

त्याहून मोठी गोष्ट मला नंतर कळली. उजव्या बुटाच्या रबरी तळावर मी सहज अंगठा घासला, तर अंगठ्याला बारीक काळी पूड लागली. असे बूट घालून कोणी बर्फावर उतरले तर ती पूड बर्फावर पडणार, हे माझ्यासारख्या नवख्या बाईलाही समजते.

आपल्या मंडळातली बरीच कुटुंबे आता हा खेळ खेळतात आणि मुलांचे पाय दर मोसमाला वाढतात. काहींनी खेळणे सोडले आहे आणि त्यांचे साहित्य तळघरात पडून आहे. ते एकमेकांना देता-घेता यावे, आणि तसे करताना माझ्यासारखी चूक कोणाची होऊ नये, यासाठी जाहिरातीत काय काय लिहिले पाहिजे हे जाणकारांनी कृपया सांगावे. काका, आपण या खेळात अनेक वर्षे आहात, म्हणून ही विनंती विशेषतः आपल्याला आहे.

आपली नम्र

---

प्रेषक: मंडळाचे एक ज्येष्ठ सभासद

ताई, सप्रेम नमस्कार.

आपण अंगठा घासून पाहिलात, हे फार चांगले केलेत. मी तर म्हणेन की, या खेळातल्या कोणत्याही जुन्या वस्तूची परीक्षा तिथूनच सुरू व्हावी. बूट असो, ब्रश असो की दगड असो, त्याचे आयुष्य बर्फाला टेकणाऱ्या भागात असते आणि जाहिरातीतल्या छायाचित्रात नेमका तोच भाग नसतो. तेव्हा माझी पहिली आणि सगळ्यांत आग्रहाची सूचना अशी की, तळाचे स्वच्छ, उजेडातले छायाचित्र नसेल तर ती जाहिरात अपुरी मानावी आणि देणाऱ्याकडे ते छायाचित्र मागताना कोणी संकोच करू नये.

आधी ग्रिपरविषयी लिहितो, कारण तो सुरक्षिततेचा प्रश्न आहे. रबर जुने झाले की कडक होते, आणि वापरले नाही तरी जुने होतेच. ‘दोनदाच घातले आहेत’ हे वाक्य खरे असले तरी बूट तळघरात बरीच वर्षे पडून असतील तर त्या वाक्याला काही अर्थ उरत नाही. अंगठ्याने दाबल्यावर रबर जरासे दबले पाहिजे आणि घासल्यावर बोट स्वच्छ राहिले पाहिजे. बोट काळे झाले तर दोन तोटे आहेत. एक म्हणजे पकड गेलेली असते, आणि बर्फावर मागे पडलेल्या माणसाचे डोके आपटते ही किरकोळ गोष्ट नव्हे. दुसरा असा की रबराचा एवढासा कण चालत्या दगडाखाली आला तरी दगड अचानक भलतीकडे वळतो किंवा जागीच मंदावतो, आणि मग एकाच्या बुटामुळे दोन्ही संघांचा डाव बिघडतो. म्हणून बुटावर चढवायचे सुटे ग्रिपर जुने घेऊच नयेत, नवेच घ्यावेत, आणि देणाऱ्यानेही बुटांच्या किमतीत ते धरू नयेत.

स्लायडरचे तसे नाही. तो बहुधा टेफ्लॉनचा असतो, काही बुटांना पोलादाचाही असतो, आणि नीट सांभाळला तर तो बुटाच्या बरोबरीने टिकतो. टेफ्लॉन मऊ असते. वर ग्रिपर न चढवता कोणी दोन पावले जरी सिमेंटवरून चालले तरी त्यावर ओरखडे उठतात. बारीक ओरखड्यांनी फारसे बिघडत नाही, पण खोल चरा असेल, कडा उचललेली असेल किंवा टाचेकडचा डिंक सुटलेला असेल तर दुरुस्तीचा विचार करूनच किंमत ठरवावी. जाडी अवश्य विचारावी. सुमारे दीड मिलिमीटरच्या पातळ स्लायडरपासून सुमारे सहा मिलिमीटरच्या जाड स्लायडरपर्यंत अनेक प्रकार असतात, आणि सर्वसाधारणपणे जाडी वाढली की सरकण्याचा वेग वाढतो. निष्णात खेळाडूने विकायला काढलेले जाड स्लायडरचे बूट स्वस्तात मिळाले म्हणून नवशिक्या मुलाच्या पायात घालू नयेत. त्याचा तोल राहणार नाही आणि पहिल्याच दिवशी त्याच्या मनात भीती बसेल. आणि ताई, आपल्या अनुभवावरून जाहिरातीची पहिली ओळ आता ठरलीच आहे. ‘उजव्या हाताने खेळणाऱ्यासाठी’ की ‘डावखुऱ्यासाठी’, हे मापाच्याही आधी लिहावे.

चालत्या दगडापुढचा बर्फ ज्याने घासतात त्या ब्रशचे दोन वेगळे भाग मानावेत. दांडा टिकतो आणि डोक्याचे कापड झिजते. दांडा फायबरग्लासचा किंवा कार्बनचा असेल तर तो दोन्ही हातांनी धरून, जरासा पिळून, कानाशी नेऊन पाहावा. चिरलेला दांडा कुरकुरतो. जोर लावून घासताना खेळाडूचे बरेचसे वजन त्या दांड्यावर असते, त्यामुळे चिरलेला दांडा विकू नये आणि फुकटही देऊ नये. एका कंपनीचे डोके दुसऱ्या कंपनीच्या दांड्याला बसेलच असे नाही आणि दांड्यांची जाडीही एकसारखी नसते, म्हणून दोन्हींची नावे आणि दांड्याचा व्यास लिहावा.

कापडाबाबत नियमांचा भाग आहे. २०१५ च्या मोसमात काही ब्रशांच्या कापडांवरून मोठा वाद झाला. ते कापड बर्फावर असे काम करत असे की घासणारा दगडाची दिशा नको तितकी आपल्या हातात घेऊ शकत होता, आणि दगड सोडणाऱ्याच्या कौशल्याचे मोल त्यामुळे कमी होत होते. त्यानंतर २०१६ साली जागतिक कर्लिंग महासंघाने आपल्या स्पर्धांसाठी एकच मान्य कापड ठरवले. आपल्याकडे त्याआधीचे ब्रश असणारच. मैत्रीच्या सामन्यात ते चालतील की नाही, हे ज्या त्या क्लबने ठरवायचे असते. परंतु मुलांना पुढे स्पर्धा खेळायच्या असतील तर डोके मान्यताप्राप्त आहे का, हे विचारल्याशिवाय व्यवहार करू नये. प्राण्यांच्या केसांचे जुने ब्रश मात्र आठवण म्हणून भिंतीवर लावावेत. त्यांचे केस गळतात, आणि दगडाखाली आलेला केस रबराच्या कणासारखाच घात करतो.

किमतीविषयी माझे मत स्पष्ट आहे. झिजणाऱ्या वस्तूंची किंमत शून्य धरावी आणि टिकणाऱ्यांची मोकळेपणाने सांगावी. दोष आधी लिहिला तर घेणाऱ्याचा विश्वास बसतो. तो घेणाऱ्याला घरी गेल्यावर सापडला तर मंडळात एकमेकांकडे पाहणे अवघड होते.

आपला
काका

---

प्रेषक: आपल्या हौशी संघाचा एक सभासद

काका, सादर प्रणाम.

आपले पत्र आमच्या संघात सर्वांनी वाचले. आमचा प्रश्न मोठ्या वस्तूचा आहे. आम्ही आठवड्यातून एकदा हॉकीची रिंक भाड्याने घेऊन खेळतो आणि आमच्याकडे स्वतःचे दगड नाहीत. एका क्लबने आपले सोळा जुने दगड विकायला काढले आहेत. त्यांत दोन दगडांचे हँडल तुटलेले आहे आणि काहींच्या कडेला टवके गेलेले आहेत. क्लबचे म्हणणे आहे की दगड कधी जुना होत नाही. आम्ही वर्गणी काढायला तयार आहोत, पण सर्वांचा पैसा असल्यामुळे चूक होऊ नये अशी इच्छा आहे. काय पाहावे, आणि दगड आणायचे कसे?

आपला आज्ञाधारक

---

प्रेषक: मंडळाचे एक ज्येष्ठ सभासद

चि. मित्रा,

सर्वांची वर्गणी आहे म्हणून तू आधी विचारलेस, याचे समाधान वाटले. दगड कधी जुना होत नाही, हे अर्धेच खरे आहे.

उत्तम दगड स्कॉटलंडच्या किनाऱ्याजवळच्या एल्सा क्रेग या निर्मनुष्य बेटावरच्या ग्रॅनाइटचे असतात, आणि वेल्समधल्या ट्रेफॉरच्या ग्रॅनाइटचेही असतात. एल्सा क्रेगच्या ‘ब्लू होन’ नावाच्या ग्रॅनाइटचा मोठा गुण असा की तो पाणी जवळजवळ शोषत नाही. जो दगड पाणी शोषतो त्याच्या आत ते पाणी गोठते, फुगते आणि कण न् कण सुटू लागतो. म्हणून दुसऱ्या ग्रॅनाइटच्या दगडाच्या तळाशी ब्लू होनची चकती बसवण्याची पद्धत आहे. तुमच्या दगडांना अशी चकती आहे का, हा पहिला प्रश्न विचारा.

मग दगड उलटा करून पाहा. दगडाचा सगळा तळ बर्फाला टेकत नाही, कारण मध्ये खोलगट वाटी असते. टेकते ती फक्त एक कडी. तिचा व्यास सुमारे १३० मिलिमीटर आणि रुंदी ६ ते १२ मिलिमीटर असते, आणि सगळा दगड, म्हणजे नियमानुसार १७.२४ ते १९.९६ किलो वजन, तेवढ्यावर चालतो. विजेरी आडवी धरून त्या कडीवरून उजेड टाक आणि नख फिरव. कडी सगळीकडे सारखी खरखरीत लागली पाहिजे. कुठे काचेसारखी गुळगुळीत, कुठे खड्डे पडलेली असेल तर तो दगड इतरांबरोबर चालणार नाही. कडी गुळगुळीत झाली असेल तर जाणकार माणूस ती पुन्हा खरखरीत करून देतो, तेव्हा तेवढ्यावरून दगड नाकारू नका. खड्डे मात्र सहजासहजी जात नाहीत. काही दगडांना दोन्ही बाजूंना कडी असते. त्यांचे हँडल काढून दगड उलटवता येतो आणि दुसरी बाजू बऱ्याचदा चांगली निघते, हे विकणाऱ्यालाही कधी कधी ठाऊक नसते.

कडेच्या टवक्यांची मला तितकी काळजी वाटत नाही. दगडाच्या पोटावरचा निस्तेज पट्टा आपटण्यासाठीच असतो, आणि वर्षानुवर्षे आपटून त्यावर चंद्रकोरीच्या आकाराच्या बारीक चिरा पडतात. टवका पट्ट्यापुरता असेल तर खेळता येते, पण चीर वर किंवा खाली पसरत असेल तर तो दगड घेऊ नका. हँडल नवे मिळते. फक्त मधल्या बोल्टची जाडी आणि आटे मोजून घ्या, आणि शक्य असेल तर बोल्ट दगडाबरोबरच मागून घ्या.

यानंतरची परीक्षा बर्फावरच होते आणि ती केल्याशिवाय पैसे देऊ नयेत. एकाच खेळाडूने सोळाही दगड शक्य तितक्या सारख्या वेगाने सोडावेत, दुसऱ्याने एका हॉग लाइनपासून (खेळपट्टीच्या दोन्ही टोकांकडे असलेली आडवी रेषा) दुसऱ्या हॉग लाइनपर्यंतच्या सुमारे २२ मीटरांना किती सेकंद लागतात ते मोजावे, आणि तिसऱ्याने प्रत्येक दगड कुठे थांबला आणि किती वळला ते हँडलवरच्या क्रमांकासमोर लिहावे. एका फेरीने भागत नाही, तीन तरी कराव्यात. आमच्या वेळी आम्ही एक संच असा तपासला तेव्हा एक दगड तिन्ही फेऱ्यांत इतरांच्या बराच मागे थांबला. वरून पाहिले तर तो संचातला सर्वांत देखणा दगड होता. संच मात्र एकत्रच घ्यावा. कुठून आठ, कुठून सहा असे जमवलेले दगड एकमेकांशी जुळत नाहीत आणि पुढे प्रत्येक सामन्यात तक्रार उरते.

आणताना सोळा दगड म्हणजे तीनशे किलोच्या आसपास भार आहे, हे गाडी ठरवतानाच लक्षात घ्या. हँडले काढून वेगळी बांधा. प्रत्येक दगडाला लाकडी खोक्यात वेगळा कप्पा करा आणि खाली जाड फोम घाला. दगड दगडाला लागता कामा नये, आणि कडी वाळूवर किंवा सिमेंटवर एकदाही टेकता कामा नये. उचलताना दोन्ही हात दगडाखाली घालून, गुडघे वाकवून उचला. शेवटचे म्हणजे, आणल्या दिवशी खेळायला बसू नका. उबदार दगड बर्फ वितळवतो आणि आपल्याच कडीखाली खळगा करतो. बर्फाच्या थंडीत दगड दोन दिवस तरी राहू द्या. भाड्याच्या रिंकवर ही अडचण कायमची आहे, तेव्हा दगड तिथेच थंड जागेत ठेवायची परवानगी मिळते का, हे दगड घेण्याआधी विचारा. परवानगी नसेल तर हा व्यवहार थांबवावा, असेच मी सुचवेन.

तुझा
काका

---

प्रेषक: मंडळाची एक सभासद

काका, मनापासून आभार. आपल्या सांगण्याप्रमाणे पहिली जाहिरात मीच देते.

उजव्या हाताने खेळणाऱ्यासाठी मुलांचे बूट, डाव्या तळाला टेफ्लॉनचा पातळ स्लायडर. स्लायडरवर टाचेपाशी दोन बारीक ओरखडे आहेत, कडा घट्ट आहेत. उजव्या तळाचे रबर झिजलेले आहे, पूड सोडते आणि ते बदलल्याशिवाय हे बूट बर्फावर घालू नयेत. त्या रबराची किंमत धरलेली नाही. दोन्ही तळांची छायाचित्रे सोबत जोडली आहेत. ज्यांना माप पाहायचे असेल त्यांनी मुलाला घेऊन आमच्याकडे यावे.

आणि कोणाकडे डावखुऱ्या मुलाचे बूट असतील तर कृपया कळवावे, तळाच्या छायाचित्रासह.