पॅसिव्हवालेच तेवढे कानसेन का?

खर्जातला:
काल एका सदस्याने लिहिलं, "अ‍ॅक्टिव्ह स्पीकर ही आळशांची सोय. ज्यांना अ‍ॅम्प निवडता येत नाही त्यांनी ते घ्यावेत." रात्रभर डोक्यात तेच घोळलं, म्हणून हा धागा.

अहो, अ‍ॅक्टिव्हमध्ये अ‍ॅम्प पेटीतच असतात. क्रॉसओव्हर, म्हणजे खालचे सूर वूफरकडे आणि वरचे ट्वीटरकडे वाटणारा, अ‍ॅम्पच्या आधी असतो, सिग्नल लहान असतानाच. मग वूफरला वेगळा अ‍ॅम्प, ट्वीटरला वेगळा. पॅसिव्हमध्ये बाहेरच्या अ‍ॅम्पने आधी सगळं मोठं करायचं आणि मग कॉइल-कपॅसिटरच्या गाळणीतून ढकलायचं. वूफरच्या कॉइलचा रोध ०.३ ओहम धरा. ८ ओहमच्या स्पीकरवर डॅम्पिंग फॅक्टर, म्हणजे अ‍ॅम्पची वूफरवरची पकड, २७ च्या वर जाणारच नाही, अ‍ॅम्पच्या माहितीपत्रकात ५०० लिहिलेला असो की ५०००. निवडा आता अ‍ॅम्प!

जुनं खोड:
गाळणी वगैरे ठीक. माझ्या पॅसिव्ह जोडीला २२ वर्षं झाली. मधे दोन अ‍ॅम्प मेले, वूफरच्या फोमच्या कडेचा भुगा झाला, नवी चिकटवली. पेट्या त्याच. भाच्याच्या अ‍ॅक्टिव्ह जोडीतला एक चौथ्या वर्षी मुका झाला. कंपनी म्हणते, तो बोर्ड आता बनत नाही. अ‍ॅम्प पेटीत, उष्णता पेटीत, हादरे पेटीत. बिचारा कपॅसिटर किती दिवस काढणार? भाचा आता त्यावर बसून बुटाच्या नाड्या बांधतो.

खर्जातला:
नक्की अ‍ॅक्टिव्हच होता ना? की एका पेटीत अ‍ॅम्प आणि दुसरीला नुसती स्पीकरची वायर? त्याला पॉवर्ड म्हणतात, आत क्रॉसओव्हर पॅसिव्हच असतो. म्हणजे मेला तो तुमच्याच भावकीतला.

जुनं खोड:
दोन्ही पेट्यांना मेन्सची वायर होती. डोळे आहेत मला.

तारसप्तक:
केबलबद्दल कुणीच कसं बोलत नाही? मी चांदीचा मुलामा असलेली स्पीकर केबल टाकली आणि गायिकेचा श्वास ऐकू यायला लागला. अ‍ॅक्टिव्हवाले या सुखाला मुकलेत.

मोजपट्टी:
२.५ चौरस मिमी तांबं, ३ मीटर, जाऊन-येऊन ०.०४ ओहम. वर सांगितलेल्या कॉइलचा रोध याच्या सातपट. श्वास आधीही होता, तुमचं लक्ष आत्ता गेलं.

तारसप्तक:
तुम्ही आकडे ऐका, आम्ही गाणं ऐकतो.

मोजपट्टी:
डोळे बांधून ऐका, केबल दुसऱ्याला बदलू द्या.

तारसप्तक:
केलंय. बायकोने बदलली, मी लगेच ओळखली.

मोजपट्टी:
किती वेळा?

तारसप्तक:
एकदा. पुन्हा कशाला?

मोजपट्टी:
अभिनंदन, नाणेफेक जिंकलात.

तारसप्तक:
बहिऱ्यांशी वाद घालत नाही मी.

खर्जातला:
धागा केबलचा नाहीये!!

रात्रपाळी:
"स्टुडिओत सगळे अ‍ॅक्टिव्हच" असं कुणी म्हणायच्या आत सांगतो. स्टुडिओ स्पीकर बनवणारी जेनेलेक १९७८ मध्ये सुरू झाली ती अ‍ॅक्टिव्ह घेऊन. यामाहाचे एनएस-१० स्पीकर त्याच वर्षीचे, चक्क पॅसिव्ह, आणि तेही वर्षानुवर्षं स्टुडिओत ठाण मांडून होते. त्या वादातून काही निघत नाही.

मी स्वतः अ‍ॅक्टिव्हवाला, पण टेबलावर दोन हात अंतरावर ठेवले की रात्री ट्वीटरची 'सूंऽऽ' ऐकू येते. गाणं बंद, सूं चालू. शिवाय लॅपटॉपचा चार्जर लावला की 'घूंऽऽ'. अर्थिंगच्या तारांचं वेटोळं, म्हणजे अर्थ लूप, दुसरं काय. शेवटी डॅकच्या (डिजिटलचा अ‍ॅनालॉग सिग्नल करणारा डबा) बॅलन्स्ड, म्हणजे दोन तारांतून उलटसुलट सिग्नल नेऊन गोंगाट छाटणाऱ्या, आउटपुटवरून केबल टाकली, तेव्हा घूं गेली. सूं आहेच.

तारसप्तक:
म्हणजे केबलनेच काम केलं ना? 😏

मोजपट्टी:
बॅलन्स्ड होती म्हणून. चांदीची होती म्हणून नाही.

खर्जातला:
बरं, बोर्ड न मिळण्याचा मुद्दा मान्य. सूंचाही, निम्मा. पण 'आळशी' हा शब्द मागे घ्या कुणीतरी. आणि खोडसाहेब, ती भाच्याची पेटी द्यायची असेल तर सांगा. आतला वूफर धडधाकट असणार.

जुनं खोड:
आहेच. बोर्ड काढून आत क्रॉसओव्हर बसवतोय. पुढच्या आठवड्यात पॅसिव्ह होईल.