डोळे मिटून व्हाइट मेज? वेस्नॉथच्या बढत्यांवरून थोडं (बरंच)

सुशेगाद सेनापती
गेल्या आठवड्यात ‘फोंड्याचा वजीर’ यांनी वेस्नॉथ या संगणकावरच्या युद्धखेळावर तीन ओळी टाकल्या. सुटल्या असतील त्यांच्यासाठी जशाच्या तशा देतो: “मेज लेव्हल २ ला आला की डोळे मिटून व्हाइट. स्पिअरमन आला की डोळे मिटून स्वोर्ड्समन. रेड मेज आणि जॅव्हेलिनियर घेणाऱ्यांनी लुडो खेळावा.”

दोन दिवस गप्प बसलो. तिसऱ्या दिवशी रायबंदरच्या धक्क्यावर फेरीची वाट बघताना ते परत डोळ्यांसमोर आलं, आणि चोडणला उतरेपर्यंत अर्धं उत्तर फोनवर लिहून झालं होतं. उरलेलं घरी पेज जेवून लिहिलं.

आधी मेज, म्हणजे जादूगार. लढून अनुभव जमला की तो पुढच्या लेव्हलला चढतो, आणि तेव्हा व्हाइट (उपचार करणारा) की रेड (आगीचा मारा करणारा) हे आपण निवडायचं. पहिला मेज व्हाइट करा, मान्य. शेजारच्या सहाही हेक्समधल्यांना (षटकोनी घरांतल्यांना) दर टर्नला ८ हिटपॉइंट (जीव) आणि विषावर उतारा, याला तोड नाही. पण वजीरबाब, दुसरा? तिसरा? एका शिपायाच्या दोन बाजूंना दोन व्हाइट उभे केले म्हणून त्याला १६ मिळत नाहीत, मिळतात ८च. उपचारांची बेरीज होत नाही हो! दुसऱ्या व्हाइटला दुसरी आघाडी असेल तरच काम, नाहीतर तो पहिल्याच्या मागे उभा राहून उपरणं सावरतो.

आता हिशेब. व्हाइटचा मारा ९चे ३ फटके, रेडचा ८चे ४. दोघांचंही जादूचं, म्हणजे समोरचा किल्ल्यात असो की डोंगरावर, ७० टक्के लागणारच. सरासरी काढा: व्हाइट १८.९, रेड २२.४. चारही फटके हुकण्याची शक्यता रेडला १ टक्क्याहूनही कमी. शिवाय रेडचे हिटपॉइंट जास्त. आणि पुढे तो सिल्व्हर मेज झाला की एका गावातून दुसऱ्या गावात उडी मारतो. नकाशा मोठा असेल तर असा एक जण घोडदळाच्या तुकडीचं काम करतो.

स्पिअरमनचं, म्हणजे भालेवाल्याचं, तर बोलूच नका. तो चढून स्वोर्ड्समन (तलवारवाला), जॅव्हेलिनियर (भाला फेकणारा) किंवा पाइकमन (लांब भाल्याचा) होतो. त्याची सगळी किंमत भाल्याच्या पहिल्या वारात आहे. हल्ला समोरच्याने केला तरी पहिला भाला याचाच. स्वोर्ड्समन केलात की पहिला वार गेला आणि फेकायचा भालाही गेला. वर बाण त्याला जास्त लागतात. धनुर्धारी एल्फांच्या रानात त्याला घेऊन जाऊन बघा, साळींदर होऊन परत येतो. आलाच तर.

लुडो मी खेळतो. चवथीला घरी सगळेच खेळतात. त्यात लाज कसली?

फोंड्याचा वजीर
एवढं लिहायला फेरीबोट किती उशिरा आली म्हणायची?

सरासरी १८.९ आणि २२.४. अच्छा. साडेतीनचा फरक. त्या साडेतीनसाठी तुम्ही दर टर्नला शेजाऱ्यांचे ८-८ सोडणार? चार जण जखमी असतील तर ते ३२ होतात. गणित तुम्हीच सुरू केलंत, मी फक्त पूर्ण केलं.

आणि तुमचा रेड मेज जगवतो कोण? तो पुढच्या रांगेत जाऊन चार फटके मारतो, मग समोरच्या तीन ओर्कांची पाळी येते, रात्र असते, त्यांचा मारा २५ टक्के जास्त, आपला २५ टक्के कमी. सकाळी रेड मेजच्या जागी रिकामा हेक्स. व्हाइट पुढे मेज ऑफ लाइट झाला की त्याच्या शेजारी रात्रीसुद्धा आपल्या माणसांचा तोटा भरून निघतो. अंधारात कंदील घेऊन उभा असलेला माणूस तुम्हाला नको, फटाके उडवणारा हवा. तुमची मर्जी.

स्वोर्ड्समनबद्दल: एल्फांच्या रानात त्याला न्यायला सांगितलं कोणी?

सुशेगाद सेनापती
“डोळे मिटून” तुम्हीच लिहिलं होतं. डोळे मिटल्यावर रान कुठे दिसणार?

नवशिका वाळपई
नमस्कार. एक छोटा प्रश्न. माझी एल्फ शमन पुढच्या टर्नला चढणार आहे. उपचारवाली ड्रुइड घेऊ की मारा करणारी सॉर्सरेस? घाई आहे, खेळ उघडाच ठेवलाय.

पेडणेकरीण
तुम्ही दोघे बढतीचा पर्याय कुठला यावर भांडताय. मला विचाराल तर ती सगळ्यात कमी महत्त्वाची गोष्ट. खरी गोष्ट म्हणजे शेवटचा घाव कोणी घालायचा.

नुसतं लढून मिळतो समोरच्याच्या लेव्हलएवढा अनुभव: १, २, ३. मारलं तर लेव्हलच्या आठपट: ८, १६, २४. म्हणजे एक मरणोन्मुख ट्रोल कोणाच्या पदरात टाकायचा, तिथे तुमची मोहीम ठरते. उपचार करून अनुभव मिळत नाही, हे वजीर सांगायला विसरले. तुमच्या व्हाइटला मेज ऑफ लाइट करायचं तर त्यालाच पुढे ढकलून मारायला लावावं लागतं. मग तो पुढच्या रांगेत गेला की नाही? आणि तिथे तुमच्याच म्हणण्यानुसार तीन ओर्क आहेत.

दुसरं, पगार. लेव्हल २ चा माणूस दर टर्नला दोन सोनं खातो, लेव्हल ३ चा तीन. गावांमुळे थोडं माफ होतं, पण लहान नकाशावर सगळे हवालदार-सुभेदार करून ठेवलेत तर खजिना रिकामा. बहुतेक मोहिमांत उरलेल्या सोन्यातलं ४० टक्केच पुढे जातं, त्यामुळे ती भोकं पुढच्या लढाईत दिसतात.

चुलतभावाने माझ्याकडून हे शिकून घेतलं ते चवथीच्या दिवसांत. पेडण्याच्या घरी एकच लॅपटॉप, आम्ही सात भावंडं, गणपतीवर बांधलेल्या फळापानांच्या माटोळीखाली बसून आळीपाळीने खेळायचो. त्याने लागोपाठ पाच जणांना लेव्हल २ केलं आणि छाती फुगवून सगळ्यांना दाखवलं. पुढच्या लढाईत दोघांना परत बोलवायलाच सोनं पुरलं. माणूस कुठल्याही लेव्हलचा असो, परत बोलवायला २० सोनं. नवा स्पिअरमन १४ला मिळतो. म्हणजे लेव्हल १ चा कोरा स्पिअरमन परत बोलावणं हा शुद्ध वेडेपणा, आणि लेव्हल ३ चा बोलावणं ही लूट. तो भाऊ आता बँकेत आहे, देव त्या बँकेचं भलं करो.

शब्दांचा सोस
विषय चांगला आहे पण सगळीकडे “लेव्हल”, “टर्न”, “हेक्स”. मराठीत पातळी, पाळी, षटकोन हे शब्द आहेत. गोव्यात मराठीची जी अवस्था आहे ती सरकारने केली असं आपण म्हणतो, पण निम्मी आपणच केली. १९८७ च्या राजभाषा कायद्यात मराठीचा उल्लेख कुठे आणि कसा आला ते

पेडणेकरीण
इथे नको बाब. प्लीज. गेल्या वेळी वांग्याच्या भरताच्या धाग्यावर तुम्ही हेच सुरू केलं होतं.

म्हादईकाठ
सगळे शहाणे आहात, पण एक साधी गोष्ट कोणी विचारत नाही. तुमच्याकडे हे तीन तीन लेव्हल ३ जिवंत राहतात कसे? मी सांगतो. मेला की रीलोड, म्हणजे जुना सेव्ह उघडून मागे. फटका हुकला की रीलोड. मग इथे येऊन सल्ले.

रीलोड करणाऱ्याने बढतीवर मत देऊ नये. त्याचा रेड मेज कधी मरतच नाही, त्यामुळे त्याला रेड मेज भारी वाटतो.

सुशेगाद सेनापती
माझ्यावर रोख असेल तर सरळ नाव घ्या. मी रीलोड करतो. टर्नच्या सुरुवातीला सेव्ह करतो आणि काही मूर्खपणा झाला तर मागे जातो. नोकरी करतो, दोन मुलं आहेत, रात्री अकरा ते बारा एवढाच वेळ मिळतो. पाच आठवडे खेळलेली मोहीम एका २.७ टक्क्यांच्या नशिबासाठी फेकून देऊ? (साध्या मेजचे तिन्ही फटके हुकण्याची शक्यता तेवढीच, आणि माझ्याशी ती तीनदा घडलीय.)

शिवाय आमच्याकडे जून ते सप्टेंबर लाइट टिकत नाही. मिरगाच्या पहिल्या सरीला गेली की थेट दुसऱ्या दिवशी. सेव्ह न करता खेळणं हे ज्यांच्याकडे इन्व्हर्टर आहे त्यांचं वैराग्य.

म्हादईकाठ
लाइट गेली म्हणून सेव्ह करणं वेगळं आणि फासा उलटा पडला म्हणून मागे जाणं वेगळं. दोन्ही एका माळेत गुंफू नका.

मी हार्ड लेव्हलवर एकदाही मागे न जाता ‘एअर टू द थ्रोन’ ही मोहीम खेळलो. तिचे नायक कोनराड किंवा डेल्फाडोर मेले तर हरलोच, तिथे इलाज नाही, ती लढाई पहिल्यापासून. बाकी जो मेला तो मेला. माझा पहिला रेड मेज लेव्हल ३ ला आठ अनुभव उरले असताना एका वटवाघळाने मारला. वटवाघळाने! मी खुर्चीतून उठलो, अंगणात गेलो, परत आलो, पुढे खेळलो. तेव्हापासून मला माहीत आहे की बढतीच्या उंबरठ्यावरचा माणूस कुठे उभा करायचा. हे ज्ञान रीलोडवाल्याला सात जन्मांत येणार नाही.

पेडणेकरीण
इथे मला म्हादईकाठाच्या बाजूने बोलावं लागतंय याचं दुःख होतंय.

आमच्याकडे दशावतार रात्रभर चालतो. संहिता नाही, पाठांतर नाही. समोरच्याने काय वाक्य टाकलं त्यावर आपलं वाक्य. राजा अडखळला तर राणीने सावरायचं, आणि कधी कधी ते अडखळणंच लोकांच्या लक्षात राहतं. कोणी पेटीवाल्याला “थांब, मागचा प्रवेश परत” म्हणत नाही.

फोंड्याचा वजीर
वा. म्हणजे आता वेस्नॉथ खेळणारा हा लोककलावंत.

बाय, दशावतारी नटाला रात्रीची बिदागी मिळते. मला इथे मिळतं काय? करमणूक. मी रीलोड करतो, बिनदिक्कत करतो. मांडवीत नांगरलेल्या कॅसिनोत रीलोड नाही, तिथे जाऊन ज्यांना नशिबाशी इमान राखायचं आहे त्यांनी राखावं. नंतर घर विकताना मला फोन करावा.

म्हादईकाठ
बघा, कबूल केलं. म्हणजे ज्यांनी “डोळे मिटून व्हाइट” सांगितलं त्यांनी परिणाम कधी भोगलाच नाही. डोळे उघडे ठेवायची गरजच काय, मागे जायचं बटण आहे ना.

फोंड्याचा वजीर
तुम्ही मला खोटारडा म्हणताय का?

म्हादईकाठ
खोटारडा नाही. सुरक्षित.

फोंड्याचा वजीर
हा शब्द जास्त लागला. मुद्दाम वापरलात.

सुशेगाद सेनापती
एक उपाय आहे, दोघांसाठी. मोहीम सुरू करतानाच नशिबाचा प्रकार निवडता येतो. ‘प्रेडिक्टेबल’ घेतलं तर मागे जाऊन त्याच चाली केल्या की तेच फासे पडतात. मी गेल्या वर्षी तो घेतला आणि माझ्या सवयीचं खरं रूप दिसलं. अर्ध्या वेळेला मी फासा बदलायला मागे जात नव्हतो, चाल बदलायला जात होतो. उरलेल्या अर्ध्या वेळेबद्दल काही बोलत नाही.

आणि म्हादईकाठ, एवढं मान्य करतो की त्या प्रकाराने खेळल्यावर मीसुद्धा दुसऱ्या मेजला रेड करण्याआधी पाच मिनिटं विचार करायला लागलो. पुढच्या लढाईत सांगाडे असतील तर प्रश्नच नाही. भाला आणि तलवार त्यांच्या फासळ्यांतून निघून जातात, तिथे आग हवी किंवा पवित्र उजेड हवा, म्हणजे दोन्ही मेज चालतात. मग मी बघतो की माझ्याकडे आधी किती उपचारवाले आहेत. झालं. एवढाच माझा नियम. व्हाइट चांगला की रेड चांगला, हा प्रश्नच नव्हता.

फोंड्याचा वजीर
म्हणजे पहिला मेज व्हाइट. मी काय वेगळं म्हटलं होतं?

सुशेगाद सेनापती
“पहिला” हा शब्द तुमच्या तीन ओळींत नव्हता.

फोंड्याचा वजीर
ठीक आहे. “पहिला” घाला. स्वोर्ड्समनवर मात्र मी ढळणार नाही. ओर्क ग्रंटच्या तलवारीसमोर पाइकमन उभा करून बघा आणि स्वोर्ड्समन उभा करून बघा. कोण सकाळ बघतो ते कळेल.

पेडणेकरीण
ग्रंटसमोर स्वोर्ड्समन, मान्य. लांडग्यांवर आणि घोड्यांवर भाला. हे मी २०१२ पासून सांगतेय. त्या साली आमच्याकडे खाणी बंद झाल्या आणि काकांचे ट्रक अंगणात उभे राहिले. काका दिवसभर आमच्याबरोबर खेळायचे. त्यांनी कधी स्वोर्ड्समन घेतला नाही. म्हणायचे, पहिला वार आपला असला की माणसाला धीर येतो. वर्षभर ते फक्त भालेकरी चढवत होते. हिशेबाने चूक होतं, मला तेव्हाही दिसत होतं. मी काही बोलले नाही.

म्हादईकाठ
काका रीलोड करायचे?

पेडणेकरीण
नाही.

म्हादईकाठ
मग काकांना नमस्कार सांगा.

शब्दांचा सोस
“भालेकरी” हा शब्द बघा किती सहज आला. स्पिअरमन कशाला लागतो? मी म्हणत होतो तेच. कायद्याच्या कलमात मराठीबद्दल

फोंड्याचा वजीर
बाब, भालेकरी तुमचा. घेऊन जा. कलम ठेवा.

सुशेगाद सेनापती
जॅव्हेलिनियरचं तेवढं राहिलं. त्यावर अजून कोणी उत्तर दिलेलं नाही. लांबून मारणाऱ्या धनुर्धाऱ्यासमोर उलट भाला फेकणारा माणूस दुसरा कोण आहे तुमच्या चढलेल्या भालेकऱ्यांत? पाइकमनकडे फेकायला काही नाही, स्वोर्ड्समनकडे काही नाही.

फोंड्याचा वजीर
जॅव्हेलिनियर घेणाऱ्यांनी लुडो खेळावा. हे वाक्य मागे घेत नाही. चवथीला तुमच्या घरी येऊन खेळेन, पण मागे घेत नाही.

नवशिका वाळपई
कोणी उत्तर दिलं नाही म्हणून सॉर्सरेस घेतली. पुढच्याच टर्नला मेली. म्हादईकाठ, माफ करा, मागे गेलो. आता ड्रुइड आहे. तीही जखमी आहे, आणि तिला बरं करणारी दुसरी कोणी नाही. हिला कुठे उभी करू?