कोर्सियातली खरी मेख आधाररेषेत

'विमान कंपन्या कार्बन क्रेडिट (इतरत्र केलेल्या उत्सर्जन-कपातीची प्रमाणपत्रं) घेतात, म्हणजे भरपाई होतेच' असं म्हटलं जातं. पण कोर्सियात, म्हणजे आयकाओ या संयुक्त राष्ट्रांच्या विमानवाहतूक संस्थेच्या आंतरराष्ट्रीय उड्डाणांसाठीच्या कार्बन-भरपाई योजनेत, भरपाई सगळ्या उत्सर्जनाची नाही, आधाररेषेच्या (ठरवून दिलेल्या उत्सर्जन-पातळीच्या) वर गेलेल्या भागाचीच. मूळ आधाररेषा होती 2019 आणि 2020 ची सरासरी. कोविडमुळे ती खाली येणार, म्हणजे भरपाई वाढणार, म्हटल्यावर आयाटा या विमान कंपन्यांच्या संघटनेने फक्त 2019 धरा, असा आग्रह धरला. जून 2020 मध्ये आयकाओच्या परिषदेने तो मानला. परिणाम? 2021 ते 2023 भरपाई शून्य! 2024 पासून आधाररेषा 2019 च्या 85 टक्के आहे, तीही सैलच. शिवाय उड्डाणाच्या दोन्ही टोकांचे देश योजनेत सहभागी हवेत. भारत 2027 पासून येणार, तोवर मुंबई-लंडन उड्डाण हिशेबाबाहेरच. हे मला फार खटकतं.