इथेनॉलवर फ्युएल सेल: गाडं अडतं कुठे
सांगली जिल्ह्यात इतके साखर कारखाने, इथेनॉल दारात. मग त्यातून हायड्रोजन काढून फ्युएल सेल (हायड्रोजनपासून थेट वीज बनवणारं उपकरण) का चालवत नाहीत, असं एका दादांनी विचारलंय. गाडं अडतं ते उत्प्रेरकापाशी, म्हणजे रासायनिक क्रियेला वेग देणाऱ्या पदार्थापाशी; इथे तो निकेल. इथेनॉल आणि पाण्याची वाफ 500-600 अंशांवर निकेलवरून सोडली की हायड्रोजन मिळतो खरा, पण निकेलवर कार्बनचा थर चढतो. गुऱ्हाळात काहिलीच्या बुडाला करपतं ना, तस्संच. एमएस्सीला असताना तीन दिवस चालवलेली नळी मी उघडली तर आत नुसती काजळी, वायू पुढे सरकेना. (गाईडचं तोंड बघण्यासारखं झालं होतं.) ऱ्होडियम जास्त टिकतं, पण भाव ऐकून गप्प बसावं.

पुढे हायड्रोजनसोबत निघणाऱ्या कार्बन मोनॉक्साइडची कटकट. 80 अंशांवर चालणाऱ्या पीईएम सेलमधलं (पातळ पॉलिमर पडद्याचा फ्युएल सेल) प्लॅटिनम त्याच्या 10 पीपीएमलाही (दहा लाखांत दहा भाग) मान टाकायला लागतं. सॉलिड ऑक्साइड सेलला (सिरॅमिकचा, खूप जास्त तापमानाला चालणारा फ्युएल सेल) तोच वायू इंधन म्हणून चालतो, त्यामुळे माझा कौल तिकडे.

एक मात्र फायद्याचं. पेट्रोलमध्ये मिसळायचं इथेनॉल कोरडं करावं लागतं. इथे हायड्रोजन काढताना 46 ग्रॅम इथेनॉलला किमान 54 ग्रॅम पाणी घालावंच लागतं, म्हणजे सुकवण्याचा खर्च वाचला. आणि स्पेंटवॉशचा (इथेनॉल काढल्यावर उरणाऱ्या सांडपाण्याचा) बायोगॅस वापरणार असाल तर आधी हायड्रोजन सल्फाइड काढा, निकेलला ते विषच.