ट्रेकिंग साहित्याच्या दुकानाने माळरानासाठी आणि शहरासाठी नेमके काय करावे?

प्रश्न – दुकानदार, सोलापूर

नमस्कार. सोलापुरात सात रस्त्याच्या परिसरात माझे ट्रेकिंग आणि कॅम्पिंगच्या साहित्याचे छोटे दुकान आहे. सॅक, बूट, हेडटॉर्च, तंबू, स्लीपिंग बॅग आणि थोड्या दुर्बिणी एवढाच माल मी ठेवतो. सह्याद्री इथून दूर असल्यामुळे माझे बहुतेक गिऱ्हाईक शनिवारी रात्री गाडीने निघून रविवारी एखादा गड पाहून परतणारे असते. पण अलीकडे हिप्परग्याच्या तलावावर पक्षी पाहायला जाणारे, नळदुर्ग आणि परांड्याला सायकलीने जाणारे, मुलांना घेऊन सिद्धेश्वर वनविहारात सकाळी फिरणारे असे लोकही दुकानात येऊ लागले आहेत. ज्या परिसरावर माझा व्यवसाय उभा आहे, त्या परिसराचे आपण काही देणे लागतो, ही भावना मनात पक्की आहे. ती कृतीत कशी आणावी, याबाबत मात्र मी चाचपडतो आहे.

दोन पावसाळ्यांपूर्वी आम्ही वीस-पंचवीस जणांनी नान्नजच्या बाजूला रस्त्यालगतच्या एका मोकळ्या माळावर दोनशे रोपे लावली. टी-शर्ट छापले, छायाचित्रे काढली, लोकांना आनंद झाला. पुढच्या एप्रिलमध्ये मी एकटाच तिथे गेलो, तेव्हा जेमतेम दहा-बारा रोपे जिवंत होती. तिथे मेंढ्या चारणाऱ्या एका आजोबांनी मला विचारले, "इथं झाडं कशाला लावली, गवत चांगलं येत होतं की." त्या प्रश्नाला माझ्याकडे उत्तर नव्हते आणि तेव्हापासून तो माझ्या डोक्यातून गेलेला नाही.

म्हणून विचारतो: माझ्यासारख्या लहान दुकानाने कोणत्या उपक्रमांत भाग घ्यावा, पैसे द्यावेत की वस्तू द्याव्यात, आणि हे सगळे नुसती दुकानाची जाहिरात होऊ नये यासाठी काय पाळावे?

उत्तर १ – निवृत्त शिक्षिका, पक्षिनिरीक्षक

आपण अपयश मोकळेपणाने सांगितलेत, त्यामुळे बोलणे सोपे झाले. त्या आजोबांचा प्रश्न अगदी बरोबर होता.

सोलापूरचे माळरान म्हणजे झाडे तुटून उजाड झालेले जंगल नव्हे. कमी पावसाच्या, उथळ मुरमाड जमिनीवर शतकानुशतके टिकून राहिलेली ती गवताची स्वतंत्र परिसंस्था आहे. सरकारी दप्तरात अशा जमिनींची नोंद पुष्कळदा 'पडीक' अशी होत आल्यामुळे तिथे काहीतरी लावलेच पाहिजे, असे चांगल्या माणसांनाही वाटते. नान्नजचे माळढोक अभयारण्य १९७९ साली जाहीर झाले, ते याच गवतावर राहणाऱ्या माळढोक पक्ष्यासाठी. सोलापूर आणि नगर जिल्ह्यांत पसरलेल्या या अभयारण्याचे क्षेत्र सुरुवातीला सुमारे साडेआठ हजार चौरस किलोमीटर होते. त्यात गावे, शेती, रस्ते सगळेच आल्यामुळे पुढे ते कमी करून १,२२२ चौरस किलोमीटरच्या आसपास आणले गेले. माळढोक मात्र आज इथे क्वचितच दिसतो.

माळढोकाची मादी जमिनीवरच, बहुधा एकच अंडे घालते आणि तिची सारी भिस्त दूरवर दिसण्यावर असते. मोकळ्या माळावर झाडे उभी राहिली की कावळ्यांना आणि शिकारी पक्ष्यांना टेहळणीसाठी आयत्या जागा मिळतात, नजर अडते आणि जमिनीवर घरटे करणारे पक्षी ती जागा सोडून देतात. पूर्वी वनीकरणात लावलेल्या गिरिपुष्पाच्या (ग्लिरिसिडिया) झाडांनीही नान्नजच्या गवताळ भागाचे असेच नुकसान केले. धाविक, चंडोल, पखुर्डी, हिवाळ्यात येऊन गवतातच रात्र काढणारे भोवत्या, शिवाय लांडगा, खोकड आणि काळवीट या सगळ्यांचे घर हे गवतच आहे.

तेव्हा माझी पहिली विनंती अशी की, आपल्या दुकानाच्या नावाने माळावर पुन्हा वृक्षारोपण करू नये. सावलीसाठी झाडे लावायचीच असतील, तर शहरात, शाळांच्या आवारात, रस्त्याच्या कडेला लावावीत आणि किमान तीन उन्हाळे त्यांना पाणी घालण्याची जबाबदारी घ्यावी. रोपांची संख्या दोनशेवरून वीसवर आली तरी चालेल.

दुसरी गोष्ट दुर्बिणींची. आपल्याकडे त्या आहेत, हे वाचून मला फार आनंद झाला, कारण पक्षिनिरीक्षणाच्या कार्यक्रमांत हीच खरी अडचण असते. चाळीस मुले आणि तीन दुर्बिणी अशी स्थिती असली की प्रत्येकाच्या वाट्याला अर्धे मिनिट येते, आणि तोवर पक्षी उडून जातो. आपण आठ बाय बेचाळीसच्या आठ-दहा दुर्बिणी केवळ उसन्या देण्यासाठी बाजूला ठेवल्यात, तर शहरातल्या कितीतरी शाळांना त्यांचा उपयोग होईल. दहापट मोठे दाखवणारी दुर्बीण लोकांना अधिक आवडते, पण नवशिक्याच्या हातात ती जास्त थरथरते आणि तिच्यातून दिसणारा पट्टाही सहसा अरुंद असतो. मुलांसाठी आठपटच बरी. आपल्याकडच्या धुळीमुळे एक काळजी घ्यावी लागेल. दुर्बीण परत आली की काच लगेच कापडाने पुसू नये, आधी ब्लोअरने धूळ उडवावी, नाहीतर धुळीच्या कणांनी काचेवरच्या लेपावर कायमचे चरे पडतात. हे मुलांनाही शिकवावे. वस्तू जपायला शिकलेले मूल पुढे तळेही जपते, असा माझा अनुभव आहे.

सुरुवात पक्षी सप्ताहापासून करता येईल. राज्यात २०२० पासून ५ ते १२ नोव्हेंबर हा आठवडा पक्षी सप्ताह म्हणून पाळला जातो. ५ नोव्हेंबर हा मारुती चितमपल्ली यांचा आणि १२ नोव्हेंबर हा डॉ. सालिम अली यांचा जन्मदिवस. चितमपल्ली आपल्या सोलापूरचे. १९३२ साली इथेच जन्मले आणि विदर्भाच्या जंगलांत आयुष्य घालवून शेवटी इथेच परतले. २०२५ च्या जूनमध्ये ते गेले. त्यांच्या गावातल्या दुकानाने त्या आठवड्यात एका शाळेला दुर्बिणी दिल्या, तरी मला समाधान वाटेल.

उत्तर २ – माळाकाठचा

दादा, आमचे गाव अभयारण्याला लागून आहे आणि आमच्या घरी आजही मेंढरे आहेत. ताईंनी पक्ष्यांचे सांगितले, मी माणसांचे सांगतो.

शहरातून येणारे लोक मनाने चांगले असतात, पण ते जूनपासून पुढे, पाऊस पडून माळ हिरवा झाला की येतात. नेमका तोच काळ माळढोकाच्या आणि इतर अनेक पक्ष्यांच्या विणीचा असतो. गाडी रस्ता सोडून माळात घालणे, ड्रोन उडवणे, रात्री मोठे टॉर्च मारत लांडगे शोधणे, हे सगळे आम्ही पाहतो. अभयारण्यात जायला वन विभागाची परवानगी लागते, हेही अनेकांना ठाऊक नसते. आपल्या दुकानातून माणूस हेडटॉर्च घेऊन बाहेर पडतो तेव्हाच त्याला या चार गोष्टी सांगितल्या, तर ते काम आमच्या गावातल्या फलकापेक्षा जास्त होईल, कारण गिऱ्हाईक दुकानदाराचे ऐकते.

आणखी एक मागणे आहे. माळाला वणवा लागला की वनरक्षक, हंगामी मजूर आणि आमच्यासारखी गावातली पोरे हिरव्या फांद्या घेऊन धावतात. आमच्या पायांत चपला असतात. उन्हाळ्यापूर्वी जाळपट्टे, म्हणजे आग पुढे पसरू नये म्हणून गवत नसलेले मोकळे पट्टे, काढायचे काम असते, तेव्हाही तेच. चांगले बूट, जाड हातमोजे, पाठीवर घ्यायच्या पाण्याच्या पिशव्या आणि हेडटॉर्च एवढे साहित्य वन परिक्षेत्र कार्यालयाला विचारून दिले, तर त्याचा रोज उपयोग होईल. मात्र आगीजवळ नायलॉन किंवा पॉलिस्टरचे कपडे देऊ नका. ते वितळून अंगाला चिकटतात. सुतीच बरे.

आणि गवताचे बी गोळा करण्याच्या कामाला या. दिवाळीच्या आसपास पवन्या आणि मारवेल पिकतात; झाडांऐवजी गवत वाढवायचे असेल तर हे काम वन विभागाला विचारून आणि आमच्या म्हाताऱ्या माणसांना सोबत घेऊन करता येईल. गवत ओळखायला ती तुम्हाला शिकवतील, आणि ज्या आजोबांनी तुम्हाला प्रश्न विचारला, त्यांनाही बोलवा.

उत्तर ३ – दुरुस्तीवाला, कोल्हापूर

मीही याच व्यवसायात आहे, म्हणून केवळ दुकानाच्या बाजूने लिहितो.

साहित्याच्या दुकानाकडे असे एक कसब असते, जे दुसऱ्या कोणाकडे नसते, ते म्हणजे दुरुस्ती. सॅक फेकली जाते ती बहुधा कापड फाटले म्हणून नव्हे, तर चेनचा रनर ढिला झाला म्हणून. रनर बदलायला दहा मिनिटे लागतात. तंबूच्या शिवणीवरची पट्टी सुटलेली असते, बुटाचा सोल निघालेला असतो, बकल तुटलेले असते. आम्ही महिन्यातून एका रविवारी दुकानासमोर टेबल मांडून अशी दुरुस्ती केवळ सामानाच्या किमतीत करून देतो. सुरुवातीला मला भीती वाटत होती की नव्या सॅकची विक्री घटेल. तसे झाले नाही. उलट जो माणूस जुनी सॅक शिवून घेऊन जातो, तो पुढची खरेदी आमच्याकडेच करतो. सोलापूर तर गणवेश शिवणाऱ्यांचे शहर आहे. जाड कापडावर मशीन चालवणारे जितके कुशल हात आपल्याकडे आहेत, तितके आमच्याकडे नाहीत. त्यांतल्या दोघांना त्या दिवसाची योग्य मजुरी देऊन बसवावे, म्हणजे पैसाही शहरातच राहील.

एक सावधगिरी मात्र कटाक्षाने पाळावी. जुने तंबू, सॅक, मॅट खुशाल दुरुस्त करून द्यावेत, पण जुने दोर, हार्नेस आणि स्लिंग कोणालाही दान देऊ नयेत. दोराचा इतिहास ठाऊक नसेल, तर तो कितीही नवा दिसला तरी माणसाचा भार टाकण्यास अयोग्य समजावा आणि त्याचे तुकडे करून टाकावेत.

उत्तर ४ – हिशेबनीस

पैशांबाबत थोडक्यात. सामाजिक उत्तरदायित्वाचा दोन टक्के खर्च कंपनी कायदा २०१३ नुसार मोठ्या कंपन्यांना बंधनकारक आहे; आपल्या दुकानाला तो लागू नाही. तरीही स्वतःसाठी नियम ठरवायचाच असेल, तर तो नफ्यावर न ठरवता विक्रीवर ठरवावा. अमेरिकेतील पॅटागोनिया ही याच व्यवसायातील कंपनी १९८५ पासून विक्रीचा एक टक्का पर्यावरणाच्या कामासाठी देत आली आहे, आणि तिच्या संस्थापकांनी २००२ साली इतर व्यावसायिकांनाही त्यात सामील करून घेणारी संस्था सुरू केली. विक्रीचा आधार घेण्याचे कारण सरळ आहे: नफा कागदावर कमी दाखवता येतो, विक्री तशी दाखवता येत नाही. समजा आपली वर्षाची विक्री ४० लाख असेल, तर एक टक्का म्हणजे ४० हजार रुपये. आठ दुर्बिणी आणि वीस जोडी बूट हे दोन्ही एवढ्यात बसणार नाही, म्हणून दर वर्षी एकच गोष्ट निवडावी. लोकांकडून दुकानाच्या नावाने देणगी गोळा करू नये. ज्यांना द्यायची आहे त्यांनी नोंदणीकृत संस्थेला थेट द्यावी.

उत्तर ५ – निवृत्त शिक्षिका, पक्षिनिरीक्षक

हिशेबनीसांचे म्हणणे मला पटते, म्हणून माझी मागणी कमी करते. पहिल्या वर्षी चार दुर्बिणी पुरेत.

एक गोष्ट राहिली होती. शेगावहून निघालेली गजानन महाराजांची पालखी सोलापुरातूनच पुढे पंढरपूरला जाते. इथे पोहोचेपर्यंत वारकऱ्यांच्या पायांना फोड आलेले असतात आणि पाठीवरच्या पिशव्यांचे बंद तुटलेले असतात. बूट आणि सॅक यांची जाण असलेल्या माणसाने त्या मुक्कामात शिलाईचे मशीन, टेप आणि स्वच्छ मोजे घेऊन बसावे, याहून योग्य जागा मला सुचत नाही. पावसात पांघरलेले प्लास्टिकचे कागद पुढे रस्त्याकडेला पडतात. ते तिथेच परत घेण्याची सोयही करता येईल.

प्रश्नकर्त्याचे उत्तर – दुकानदार, सोलापूर

सर्वांचे मनापासून आभार. मी काल पुन्हा त्या माळावर जाऊन आलो. जिवंत राहिलेल्या रोपांचे काय करायचे, हे वन विभागाला विचारूनच ठरवीन. तोवर त्यांना हात लावणार नाही. आजोबा भेटले नाहीत, पण त्यांचा नातू भेटला आणि गवताच्या बियांच्या कामाला येण्याचे त्याने कबूल केले.

या वर्षासाठी मी तीनच गोष्टी हाती घेतो. नोव्हेंबरच्या पक्षी सप्ताहासाठी चार दुर्बिणी विक्रीतून बाजूला काढल्या आहेत. ज्या शाळेला हव्या असतील त्या शाळेने शिक्षकांच्या सहीचे पत्र द्यावे, अनामत रक्कम घेणार नाही. दुरुस्तीचा रविवार पुढच्या महिन्यापासून सुरू होईल आणि गणवेश शिवणाऱ्या एका मावशींशी मजुरीचे बोलणेही झाले आहे. हेडटॉर्चच्या प्रत्येक खोक्यासोबत माळाचे नियम छापलेला कागद देणार आहे. त्या कागदावर दुकानाचे नाव नसेल.

वन परिक्षेत्र कार्यालयात मी येत्या सोमवारी जात आहे. माळाकाठच्या दादांना शक्य असेल तर त्यांनी सोबत यावे. वणव्याच्या वेळी धावणाऱ्यांच्या पायांची मापे लागतील, ती आणलीत तर बूट मागवायला सोपे जाईल.