ट्रेमोलोमधून टक-टक आवाज: दोष यंत्रमागाच्या लाइनचा की पेडलचा?

पूर्वभाग_सहातारा
नमस्कार मंडळी. दोन-अडीच हजारांचं मिनी ट्रेमोलो आहे, म्हणजे गिटारचा आवाज ठरावीक वेगानं कमी-जास्त करून थरथर आणणारं पेडल. स्पीड आणि डेप्थ (थरथर किती खोल) असे दोन नॉब, शिवाय वेव्ह बदलायला एक बारका स्विच: गोल किंवा चौकोनी. जोडणी गिटार, ट्रेमोलो, ओव्हरड्राइव्ह (आवाज फाटका करणारं), डिजिटल डिले (प्रतिध्वनी देणारं), ॲम्प अशी. तिन्ही पेडलं एकाच ९ व्होल्ट अडॅप्टरवर, माळेच्या वायरीनं.

वाजवायचं थांबवलं की मागे बारीक टक-टक ऐकू येते, चौकोनी वेव्हवर तर जास्तच. पेडल चालू केलं की आवाज बसतो. ओव्हरड्राइव्ह लावलं की थरथर जवळजवळ गायब. खालच्या मजल्यावर यंत्रमाग आहेत, लाइन त्यांच्याबरोबरचीच. दोष तिथला असेल का? गड्ड्याच्या जत्रेत जुन्या गाण्यांचा कार्यक्रम आहे, त्याआधी निस्तरायचंय.

सोल्डरगन
मागांना दोष देण्याआधी स्पीडचा नॉब फिरवून बघा की. टक-टक नॉबाबरोबर जलद-सावकाश होत असेल तर ती पेडलचीच. मागाच्या मोटारी किंवा अर्थिंगमुळे येते ती घरघर. स्पीड कितीही फिरवा, ती बदलत नाही.

कारण असं: थरथर निर्माण करणारं ऑसिलेटर दर फेरीला सप्लायमधून करंटचा छोटा झटका घेतं. चौकोनी वेव्हमध्ये हा झटका एकदम येतो. माळेवर सगळ्यांची वायर एकच, म्हणून तोच झटका ओव्हरड्राइव्हच्या सप्लायमध्ये शिरतो आणि तिथे गेन (सिग्नल वाढवण्याचं प्रमाण) जास्त असल्यानं मोठा होऊन बाहेर पडतो.

खात्रीसाठी फक्त ट्रेमोलो ९ व्होल्टच्या चौकोनी बॅटरीवर चालवा. इथं एक खड्डा आहे. अर्डुइनो या छोट्या इलेक्ट्रॉनिक बोर्डासाठी मिळणाऱ्या तयार बॅटरी-क्लिपला मधली पिन पॉझिटिव्ह असते. गिटार पेडलला बहुतेक वेळा मधली पिन निगेटिव्ह लागते. मल्टिमीटरनं तपासा, उलटी असेल तर लाल-काळी वायर कापून अदलाबदल करून जोडा. सीसीटीव्हीचा १२ व्होल्टचा अडॅप्टरही लावू नका. त्याचीही मधली पिन सहसा पॉझिटिव्ह, आणि व्होल्टेजही जास्त.

बॅटरीवर टक-टक गेली तर ट्रेमोलोला वेगळा अडॅप्टर द्या. नाहीतर त्याच्याच वायरीत १०० ओहमचा रेझिस्टर सीरिजमध्ये, आणि पेडलच्या बाजूला प्लस-मायनसमध्ये २२० मायक्रोफॅरड, १६ व्होल्टचा कपॅसिटर. १० मिलिॲम्पला १ व्होल्ट पडतो, ॲनालॉग पेडलला तेवढं चालतं. डिजिटल डिलेच्या वायरीत मात्र हा प्रयोग नको. ते ५० ते १०० मिलिॲम्प घेतं, व्होल्टेज पार झोपेल.

‘आयसोलेटेड’ (प्रत्येक आउटपुटचा सप्लाय वेगळा) लिहिलेला पॉवर बॉक्स घेणार असाल तर दुकानातच तपासा. प्लग काढून दोन आउटपुटच्या मधल्या, म्हणजे निगेटिव्ह, पिनला मीटरची टोकं लावा. बीप वाजली तर ग्राउंड एकच आहे, म्हणजे आयसोलेशन नावापुरतं.

अक्कलकोट_रोड
उरलेल्या दोन अडचणींपैकी ओव्हरड्राइव्हची सोपी: क्रम उलटा झालाय. ओव्हरड्राइव्ह मोठा सिग्नल दाबतं, त्यामुळे ट्रेमोलोनं केलेला चढउतार तिथंच सपाट होतो. आवाज कमी-जास्त व्हायच्या ऐवजी फक्त डिस्टॉर्शन कमी-जास्त होतं. ओव्हरड्राइव्ह आधी, मग ट्रेमोलो, शेवटी डिले. रिव्हर्बच्या (आवाज घुमवणाऱ्या इफेक्टच्या) आधी की नंतर, हा आवडीचा प्रश्न. फेंडरच्या जुन्या ट्विन रिव्हर्ब ॲम्पमध्ये ट्रेमोलो रिव्हर्बच्या नंतर आहे, त्यामुळे घुमणाऱ्या शेपटीसकट थरथरतं. (आणि त्याच ॲम्पवर नाव ‘व्हायब्रेटो’! फेंडरच्याच स्ट्रॅट गिटारच्या दांडीनं सूर हलतो, तिला म्हणायचं ट्रेमोलो. लिओ फेंडर यांनी नावांची अदलाबदल केली ती कायमची.)

आवाज बसतो तो बिघाड नव्हे. डेप्थ पूर्ण आणि वेव्ह गोल असेल तर सरासरी पातळी सुमारे ४ डेसिबलनं उतरते, कारण प्रत्येक फेरीत आवाज शून्यापर्यंत जाऊन येतो. डेप्थ निम्म्यावर आणा, गाण्याला तेवढी पुरते. तरी कमी वाटलं तर आत ट्रिमर (स्क्रूड्रायव्हरनं फिरवायचा बारका नॉब) आहे का बघा, नाहीतर ट्रेमोलोनंतर क्लीन बूस्टर, म्हणजे आवाज न फाडता फक्त वाढवणारं पेडल.

दादरा_केरवा
टॅप टेम्पो (ठोके देऊन वेग लावायचं बटण) नसेल तर स्पीड लावायची रीत सांगतो. बीपीएमला (मिनिटाला ठोके) ६० नं भागा, तेवढे हर्ट्झ म्हणजे ठोक्याला एक थरथर. दोन हव्या तर दुप्पट. १२० ला ठोक्याला दोन म्हणजे ४ हर्ट्झ. दादऱ्याची मात्रा मिनिटाला १८० असेल तर मात्रेला एक म्हणजे ३ हर्ट्झ. आधी वेव्ह चौकोनी, डेप्थ पूर्ण ठेवा, मोबाइलचं घड्याळ लावून १० सेकंदांत फेऱ्या मोजा: ४० आल्या की ४ हर्ट्झ. मग वेव्ह गोल करून डेप्थ उतरवा. नॉबच्या कडेला व्हाइटनरचा ठिपका द्या, एका गाण्याला एक. कार्यक्रमात ताल थोडा तरी वर सरकतोच, म्हणून संथ गाण्यात डेप्थ कमीच बरी. चुकलेली थरथर मग खुपत नाही.

पूर्वभाग_सहातारा
बॅटरीवर टक-टक गेली, क्रम बदलल्यावर थरथरही आली. आता नवीनच: ट्रिमर शोधायला मागचं झाकण उघडलं, तर टेबलावरच्या ट्यूबलाइटखाली थरथर अगदी फिकी आणि वर घूं आवाज. काही तुटलं का ओ?

सोल्डरगन
काही तुटलं नाही. तुमचं पेडल ऑप्टिकल आहे. आत एलईडी आणि तिच्यासमोर एलडीआर, म्हणजे प्रकाश पडला की रेझिस्टन्स कमी होणारा तुकडा. बाहेरचा उजेड आत गेला की एलईडी लागली काय, विझली काय, एलडीआरला फारसा फरक पडत नाही. आणि चोकवाली ट्यूब ५० हर्ट्झच्या विजेवर सेकंदाला १०० वेळा लुकलुकते, तीच घूं तुम्हाला ऐकू येते. झाकण लावलं की दोन्ही जातील.

ट्रिमर फिरवताना मात्र झाकण उघडंच लागणार. म्हणून एलईडी-एलडीआरच्या जोडीवर आधी काळी इन्सुलेशन टेप गुंडाळा. ट्रिमरची मूळ जागा मार्करनं खूण करून ठेवा, डेप्थ वाजवता तिथं ठेवा, आणि पेडल चालू-बंद करत ट्रिमर थोडा थोडा फिरवा. दोन्हीकडे आवाज सारखा वाटला की थांबा. अजून वर नेलात तर चढत्या बाजूला ॲम्प फाटेल.