चार जिनिंग, एकच भाव: तक्रार कोणत्या सीसीआयकडं?

कापूसवाला, वणीकडचा:
मंगळवारी छोटा हत्ती भरून कापूस नेला. हर्रासात चारही जिनिंगवाले, म्हणजे कापसातून सरकी काढून रुई करणारे कारखानदार, क्विंटलला 6,800 च्या वर सरकेनात. शुक्रवारी पुन्हा चौघांचा तोच आकडा, रुपयाचा फरक नाही. पुतण्या म्हणे, "काका, सीसीआयकडं तक्रार करा, मक्तेदारीचा कायदा हाय." आमच्याकडं सीसीआय म्हणजे कापूस खरेदी करणारं भारतीय कापूस महामंडळ, म्हणून मी सातबारा घेऊन सरळ त्याच्या केंद्रावर! तिथला बाबू म्हणे, ओलावा पाहू का? पुतण्याची सीसीआय दिल्लीतली, निराळीच निघाली. बाप्पा, ती करते काय? अन् चार जण म्हणजे मक्तेदारी काहून?

नागपूरचा वकील:
दादा, पुतण्याची सीसीआय म्हणजे भारतीय स्पर्धा आयोग. 2002 च्या कायद्यात मोठं असणं गुन्हा नाही. मोठेपणाच्या जोरावर दुसऱ्याला नाडलं, की कलम 4. तुमचं प्रकरण कलम 3 चं: आपसात भाव बांधणं, म्हणजे कार्टेल. दंड संगनमताच्या प्रत्येक वर्षासाठी नफ्याच्या तिपटीपर्यंत किंवा उलाढालीच्या 10 टक्क्यांपर्यंत, जास्त असेल तो. 2012 मध्ये सिमेंट कंपन्यांना सुमारे 6,300 कोटींचा लावला, मग अपिलं सुरू झाली.

पण नुसता सारखा भाव पुरत नाही. गॅस सिलिंडर बनवणाऱ्यांनी टेंडरमध्ये सारखे दर भरले, तरी 2018 मध्ये सुप्रीम कोर्टानं त्यांना सोडलं. तुमचे जिनिंगवालेही म्हणतील, रुई-सरकीचा भाव सगळ्यांना एकच, मग आमचा आकडा वेगळा कसा निघणार? आदल्या रात्रीचा फोन, व्हॉट्सॲप, बैठक, असं काही हाती लागलं पाहिजे. बहुतेक वेळा आतलाच एक फुटतो. आयोगाकडं पहिला जाऊन सगळं ओकला, तर त्याचा पूर्ण दंडही माफ होऊ शकतो.

आर्वीवाली:
आमच्याकडं युरियासोबत झिंकची बाटली घ्यावीच लागते. हे लिंकिंग बसते का त्यात?

नागपूरचा वकील:
बसू शकतं, ताई. पण तुम्ही आधी तालुका कृषी अधिकाऱ्याकडं लेखी द्या. दुकानदार परवान्याला जास्त भितो.

कापूसवाला, वणीकडचा:
दंड झाला तर माह्या क्विंटलमागं किती येते?

नागपूरचा वकील:
शून्य. दंड सरकारी तिजोरीत. भरपाईसाठी अपील न्यायाधिकरणात वेगळा अर्ज करावा लागतो.

कापूसवाला, वणीकडचा:
हे बरं हाय! असो, तारीख-भाव वहीत मांडून ठेवतो. चौघांपैकी एकाचा भागीदार आमचा सोयरा हाय. रविवारी चहाला बोलावलाय.